फोटोच्या कडेची बाई

२९ सप्टेंबर

मामा,

या खोक्यात कॅमेरा आहे. घाबरू नकोस, चावत नाही.

निवृत्त झाल्यापासून तू दिवसभर खिडकीत बसतोस आणि समोरच्या इमारतीतली लिफ्ट कुठल्या मजल्यावर अडकली हे नुसत्या आवाजावरून ओळखतोस, असं तुझ्या शेजारच्या शिंपीणकाकूंनी मला कळवलंय. त्या कौतुकाने लिहितात, मला मात्र काळजी वाटते. सगळी नोकरी तू लिफ्टच्या अंधाऱ्या विहिरींत लोंबकळून काढलीस. आता जरा उघड्यावर जा. पानगळ सुरू झालीय, आणि झाडं काही दुरुस्तीला बोलावत नाहीत. नुसतं बघायचं.

वरचं बटण अर्धं दाबलं की कॅमेरा नेम धरतो, पूर्ण दाबलं की टिपतो. एवढंच शीक. बाकीची बटणं हौशी लोकांसाठी आहेत.

एकच अट. फोटो कागदावर छापून घ्यायचे आणि पत्रासोबत पाठवायचे. फोनवर तू ‘हं’ आणि ‘बरं’ यांच्या पलीकडे जात नाहीस. कागद समोर आला की तुला वाचा फुटते, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

मी इथे नेहमीप्रमाणे लोकांचे दात बनवतेय. माझ्या टेबलावर कवळ्या रांगेत बसून हसत असतात. काल एक आजोबा नवी कवळी परत घेऊन आले. म्हणाले, ‘फारच पांढरी झालीय, बायको संशय घेते, जरा पिवळट करून द्या.’

आई बरी आहे. तू विचारणार नाहीस म्हणून आपणहून सांगते. तिलाही तुझी खबर मी अशीच न विचारता देत असते.

तुझी
चिंगी

---

९ ऑक्टोबर

चिंगे,

कॅमेरा पोचला. माहितीपुस्तकही वाचलं. त्यात बटणांची नावं आहेत, पण बटणं कशासाठी आहेत ते कुठेच लिहिलेलं नाही. लिफ्टचं पुस्तक असं असतं तर निम्मं शहर अजून तळमजल्यावर उभं असतं.

सोबत फोटो जोडतो. पहिल्यात माझा अंगठा आहे. दुसऱ्यातही अंगठाच आहे, पण उजेड बरा आलाय. तिसऱ्यात माझे बूट आहेत. पट्टा गळ्यात अडकवत होतो आणि तेवढ्यात कॅमेऱ्याने आपला आपणच काढला. स्टुडिओवाला सगळे नीट बघून म्हणाला, ‘काका, हे पण छापायचे?’ म्हटलं, छाप, माझ्या भाचीला दाखवायचेत. त्याला तुझी दया आली असावी. त्याने एक पाकीट फुकट दिलं.

चौथा मात्र बघ. बसथांब्याजवळच्या गटाराच्या झाकणावरचं पान आहे ते. रात्री पाऊस झाला होता. पान ओलं होऊन लोखंडी जाळीला असं चिकटलं होतं की जाळीचा प्रत्येक चौकोन त्यावर उमटला होता. तपकिरी, कडेला तांबडं, आणि देठाजवळ अजून हट्टाने हिरवं. मी उभा राहून बघत होतो, एवढ्यात बस आली. मग गेली. माझीच बस होती.

खरं सांगू? तुझ्या आईने ते झाड पाडलं तेव्हापासून मी झाडांकडे मान वर करून बघणंच सोडलं होतं. ती राहते त्या घराच्या परसात माझ्या वडिलांनी लावलेलं झाड. मुळं सांडपाण्याच्या नळात शिरली म्हणून मी परगावी असताना तिने पाडून टाकलं. परत येऊन बघतो तर नुसता खुंट. आता तू मला पानांच्या मागे पाठवतेस. बघू या.

अंगठ्यावर उपाय कळव.

मामा

---

१५ ऑक्टोबर

मामा,

अंगठ्यावर उपाय म्हणजे अंगठा खाली घे.

बुटांचा फोटो मी टेबलासमोर लावलाय. चांगला आलाय, आणि नाडी सुटलीय ती बांध. पण ते गटाराच्या झाकणावरचं पान! मी ते सगळ्यांना दाखवलं. आमच्या मालकीणबाई चष्मा कपाळावर सरकवून कितीतरी वेळ बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, ‘दाताच्या मुळाशी असाच रंग येतो, आपल्याला कधी जमत नाही.’ आमच्या धंद्यात याहून मोठी पावती नाही.

आता थोडी शिकवणी. उजेड तिरपा असताना जा, म्हणजे सकाळी नाहीतर उन्हं उतरताना. वरून फोटो काढू नकोस. माणूस नेहमी वरूनच बघतो, त्यात नवल काय? खाली बस. शक्य असेल तर आडवा हो. पानाला जग कसं दिसतं ते बघ.

झाडाचं मी काही बोलणार नाही. तेव्हा तू आईला म्हणालास, ‘या घराची पायरी पुन्हा चढणार नाही.’ आई म्हणाली, ‘नको चढूस, लिफ्ट बसवून घे.’ तुम्ही दोघं हे अगदी गंभीरपणे बोललात. मी स्वयंपाकघरात जाऊन आधी हसले आणि मग रडले. तेवढं माझ्या वाट्याला आलं.

आडवा हो, मामा.

चिंगी

---

२७ ऑक्टोबर

चिंगे,

आडवा झालो. त्याचे परिणाम दूरगामी आहेत, पण ते सोडून दे. फोटो बघ.

मोठ्या बागेत तळं आहे ना, तिथले आहेत. पहिला डबक्याचा. डबक्यात आभाळ, आभाळात उलटी फांदी, आणि त्या फांदीवर वरून पडलेलं खरं पान तरंगतंय. खोटी फांदी आणि खरं पान असं जमून आलंय. दुसरा कोळ्याच्या जाळ्याचा. दवाचे थेंब इतके नेमके बसलेत की मला जुन्या लिफ्टचे तारेचे दोर आठवले. एकेक तार सैल, आणि सगळ्या मिळून भार घेतात. कोळ्याने माझ्याकडे कामाला यायला हवं होतं. तिसऱ्यात बिया उडवणारं एक रोप आहे, म्हाताऱ्यांचा नुसता गठ्ठा. फांदी मध्ये येत होती, ती बाजूला धरायला लागली.

चौथा लाल फळांच्या झुडपाचा. पानं सगळी गेली, फळं तेवढी राहिली. पाहुणे निघून गेल्यावर दिवा विसरून राहावा तसं.

हल्ली रोज सकाळी जातो. खिडकीत बसत नाही. समोरची लिफ्ट परवा अडकली म्हणे, मला पत्ताच नाही. शिंपीणकाकूंनी येऊन सांगितलं आणि वर म्हणाल्या, ‘तुम्ही बरे आहात ना?’

मामा

---

२ नोव्हेंबर

मामा,

फोटो अप्रतिम आहेत. जाळ्याचा तर चौकटीत बसवणार आहे. पण मला एक विचारायचंय आणि तू खरं सांगायचंस.

ही बाई कोण?

‘कुठली बाई’ असं म्हणू नकोस. त्या उडत्या म्हाताऱ्यांच्या फोटोत डाव्या कडेला एक हात आहे. फांदी धरलीय, चामडी हातमोजा आणि बाही पिवळी, मोहरीच्या रंगाची. लाल फळांच्या फोटोत खालच्या कोपऱ्यात त्याच कोटाचा घेर. डबक्याच्या फोटोत पाण्यात एक पिवळा ठिपका आहे. तो मी पान समजले होते, पण कवळ्या बघायचं भिंग लावल्यावर त्याला बटणं दिसली! केवढाली बटणं, मामा. बशीएवढी.

‘फांदी बाजूला धरायला लागली’ असं लिहितोस. कोणाला धरायला लागली? कर्ता कुठे आहे?

माझी हरकत नाही. तुझं लग्न राहून गेलं याचं मला नेहमीच वाईट वाटत आलंय. पण मी तुझी भाची आहे, तेव्हा चौकशी करणं माझं काम. असला भडक कोट घालून पहाटे बागेत येणारी बाई एक तर फार धीट असणार किंवा नटवी. मला जरा नटवीच वाटते. तुझ्यासारखा साधा माणूस बघून कोणी जाळं टाकलं तर? तू तर जाळी बघून खूशच होतोस.

सगळं लिही. वय, धंदा, स्वभाव.

चिंगी

---

८ नोव्हेंबर

चिंगे,

कोट भडक नाही. मोहरीचा आहे. मोहरी भडक नसते.

त्या बाई बागेत फिरायला येतात. मला फांदी धरायला माणूस लागतो आणि त्यांचा हात अजिबात हलत नाही. एवढाच संबंध. चांगल्या घरच्या आहेत. त्या घरची मला पूर्ण माहिती आहे.

वय माझ्याहून थोडं जास्त. धंदा सेवेचा होता, आता निवृत्त. स्वभावाबद्दल लिहायला हा कागद पुरणार नाही आणि मला धीरही होणार नाही.

तुझं पत्र मी त्यांना बाकावर बसून वाचून दाखवलं. ‘नटवी’ या शब्दाशी त्यांनी मला थांबवलं आणि पुन्हा वाचायला लावलं. मग विचारलं, ‘ही मुलगी कोणाच्या वळणावर गेलीय?’ मी म्हटलं, ‘आईच्या.’ त्यावर त्यांनी मला छत्रीने मारलं. लागलं नाही, पण आवाज मोठा झाला आणि तळ्यातली बदकं उडाली. त्याचा फोटो सोबत आहे. जरा हललाय, कारण मीही हललो होतो.

आणखी काही विचारू नकोस. वेळ आली की कळेल.

मामा

ता. क. : दुसरा फोटो दगडी भिंतीवरच्या वेलाच्या सावलीचा. वेल वाळला, सावली मात्र अजून ताजी वाटते. हा त्या बाईंना सुचला. डोळा आहे त्यांना.

---

१३ नोव्हेंबर

मामा,

माझी पत्रं परक्या बाईला वाचून दाखवतोस? छत्री मी मारायला हवी होती.

तरी फोटो बघून मला हसू आवरेना. उडणारी बदकं, कोपऱ्यात उगारलेली छत्री आणि मध्ये तुझी टोपी हवेत. मालकीणबाई म्हणाल्या, ‘या बाईचं तुझ्या मामावर प्रेम आहे. परक्याला कोणी इतक्या मनापासून मारत नाही.’

तेव्हा मी माझा शब्द मागे घेते. नटवी नव्हे. ठीक? त्यांना सांग की मला मामी चालेल. फक्त आईला एकदम कळू देऊ नकोस. आई जन्मभर पांढऱ्या कपड्यांत वॉर्डात फिरलेली बाई. असा कोट घालणारीशी ती दोन वाक्यंही बोलायची नाही. नाडी बघेल आणि घरी पाठवून देईल. शिवाय आईचंही हल्ली काहीतरी बिनसलंय. सकाळी फोन केला तर उचलत नाही. उचलला की धापा टाकत असते. म्हणते, ‘बाजारात गेले होते.’ रोज कसला बाजार?

आता एक खरी गोष्ट. हसण्यावारी नेऊ नकोस. तू दर वेळी विचारतोस की मी सुट्टीत घरी का येत नाही, आणि मी कामाचं सांगते. काम नसतं, मामा. मी आले की सकाळी आईकडे, दुपारी तुझ्याकडे. लांबून खबर देता येते, पण समोर बसून तिच्याकडे तुझं नाव काढायचं नाही, तुझ्याकडे तिचं. तुझ्याकडे जेवले हे तिला कळू नये म्हणून पुन्हा जेवायचं. मला एक गाव आहे आणि त्यात दोन परदेशं. येऊन दमून जाते, म्हणून येत नाही.

तुझ्या बाईंना हेही वाचून दाखव हवं तर. मला आता लाज नाही.

चिंगी

---

१९ नोव्हेंबर

चि. चिंगीस,

नटव्या बाईचे आशीर्वाद.

हे अक्षर ओळखीचं वाटलं असेल. वाटलं नसेल तर ते भिंग लाव.

हो, मीच. तुझा मामा ‘तू लिही, तू लिही’ म्हणत बाकावर बसून राहिलाय आणि माझ्याकडे बघतही नाही. तुझं पत्र त्याने वाचायला घेतलं, पण ‘दोन परदेशं’पाशी कागद माझ्या हातात दिला. पुढचं मी वाचलं. मग आम्ही दोघंही बराच वेळ बदकं बघत बसलो. तुझा मामा कॅमेरा घ्यायलाही विसरला.

झालं ते असं. ऑक्टोबरमध्ये मी सकाळी बागेतून चालले होते. बघते तर वाटेत एक माणूस पालथा पडलेला. टोपी बाजूला, तोंड डबक्याशी, हालचाल नाही. अशी माणसं मी जन्मभर पाहिलीत. धावले, गुडघ्यावर बसले, मनगट धरलं. नाडी उत्तम. मान वळवली तर आमचा भोप्या! इतकी वर्षं तोंड न बघितलेला माझा धाकटा भाऊ. मी ओरडले, ‘भोप्या, मेलास की काय!’

तो म्हणाला, ‘ताई, हलू नकोस. तुझी सावली पडतेय.’

इतक्या वर्षांनंतरचं पहिलं वाक्य हे. मी हललेच नाही. त्याने फोटो काढला, उठला, चिखल झटकला. मग आम्हाला आठवलं की आपण बोलत नाही. पण तोवर बोलून झालं होतं. मनगट मी सोडलं नव्हतं.

तुला सांगितलं नाही, कारण भरवसा नव्हता. आमचं पुन्हा फाटलं असतं तर तुला तेच दुःख दुसऱ्यांदा. म्हणून म्हटलं, महिनाभर टिकतं का बघू.

कोटाबद्दल. नोकरीभर पांढरं घातलं, घरी बसल्यावर करडं. एकदा दुकानाच्या काचेत हा दिसला. आत गेले ती ‘नुसता बघते’ म्हणून आणि बाहेर आले ती घालूनच. तुला सांगायची लाज वाटली. तू काय म्हणशील ते मला वाटलंच होतं, आणि तू तेच म्हणालीस.

माझा चेहरा फोटोत नाही, कारण मी येऊ देत नाही. पण फांदी धरते. उजेड कुठून येतोय ते आता मलाही कळतं. परवा एक कुजलेलं पान बघितलं. सगळं झडून नुसत्या शिरा उरलेल्या, एक्स-रेसारख्या. भोप्याच्या आधी मी बघितलं.

तू परक्या बाईला मामी करायला निघाली होतीस. बरंच झालं, वेळेवर कळलं.

आई

---

२४ नोव्हेंबर

आई आणि मामा, (एका कागदावर दोघांना पहिल्यांदाच लिहितेय!)

मी कामावर पत्र उघडलं ही चूक केली. ‘भोप्या, मेलास की काय’पाशी मी इतक्या मोठ्याने ओरडले की दात भाजायच्या भट्टीवरचा माणूस पाणी घेऊन आला. मग मी रडायला लागले. मग हसायला. हातातली कवळी खाली पडली आणि तिचा पुढचा दात गेला. एक न्यायाधीशबाई आता आठवडाभर तोंड मिटून निकाल देणार आहेत, त्याला तुम्ही दोघं जबाबदार.

मी रागावलेय. नीट रागावणार आहे, पण आज जमत नाही.

कोट सुंदर आहे, आई. बटणंही.

एकच विचारते. मामा अजून त्या घराची पायरी चढला का? का तुमचं सगळं बागेतच चाललंय, दोन पाखरांसारखं? डिसेंबर आला. थंडीत बाकावर किती दिवस बसाल?

चिंगी

---

३ डिसेंबर

चिंगे,

हे पत्र मी तुझ्या आईविरुद्ध तक्रार म्हणून लिहितोय.

(तो लिहितोय ते मी वाचतेय. खोटं असेल तिथे लिहीन. — आई)

पायरी चढलो. रविवारी सकाळी. तुझ्या आईने दार उघडलं आणि ‘आलास का’ म्हणाली. बस, एवढंच स्वागत. (खोटं. ‘पाय पूस’ असंही म्हणाले.) मी थेट परसात गेलो. तिकडे बघायची भीती वाटत होती म्हणून आधीच उरकून टाकलं. खुंट आहे तसाच आहे. पण शेजारच्या झाडांची पानं भिंतीवरून येऊन सगळ्या अंगणात पसरलेली. पिवळी, तांबूस, काही अजून वाऱ्यावर सरकणारी. आणि खुंटाच्या कडेने अळंबीच्या छत्र्या उगवलेल्या, बारीक, कानासारख्या, दुधी रंगाच्या. उन्हाची एक तिरीप नेमकी त्यांच्यावर. मी तिथेच खाली बसून त्यांच्याकडे बघत राहिलो.

तुझी आई मागून म्हणाली, ‘या राहू दिल्यात. यांची मुळं नळात जात नाहीत.’

थोड्या वेळाने म्हणाली, ‘तुला विचारून पाडायला हवं होतं.’ मी म्हटलं, ‘विचारलं असतंस तर मी नाहीच म्हटलं असतं, आणि नळ तुंबला असता.’ (हे खरं. दोन्ही वाक्यं जशीच्या तशी. — आई)

इथवर ठीक. मग मी म्हटलं, उजेड जरा वर येऊ दे, अंगणातल्या पानांचा फोटो काढतो. कॅमेऱ्याची बॅटरी आणायला घरी गेलो. परत येतो तर काय! सगळं अंगण लख्ख झाडलेलं! एक पान नाही! कोपऱ्यात नीट ढीग आणि शेजारी झाडू उभा! (अंगण घाण दिसत होतं. — आई) ती घाण नव्हती, चिंगे, ते चित्र होतं! मी विचारलं, ‘का झाडलंस?’ तर म्हणते, ‘तू फोटो काढणार म्हणालास म्हणून.’ (कोणी फोटो काढणार म्हटल्यावर घर आवरायचं नाही का? — आई)

मी तो ढीग उचलून पुन्हा अंगणभर पसरला. ती मागोमाग झाडत आली. मी पुढे पसरतोय, ती मागे झाडतेय. शेजारीण भिंतीवरून बघत होती. (ती हसत होती. तुझा मामा पानांची टोपली डोक्यावर उपडी करून उभा होता. फोटो मी काढला. जोडलाय. अंगठा माझा. — आई)

मी तडक निघून गेलो. (दुपारी जेवायला परत आला. — आई) विषय अजून संपलेला नाही. निवाडा तू करायचास. अंगण झाडावं की नाही?

मामा

(झाडावं. — आई)

---

७ डिसेंबर

आई, मामा,

तुमचं पत्र आज जेवणाच्या सुट्टीत वाचलं. वाचता वाचता डबा तसाच राहिला. मालकीणबाईंनी विचारलं, ‘काय गं, घरी सगळं ठीक ना?’

‘भांडतायत,’ मी म्हटलं.

‘अरेरे!’

‘नाही हो, बाई. एका कागदावर भांडतायत.’

त्यांना काही कळलं नाही. माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या आणि मग आपल्याच ड्रॉवरमधून सुट्टीचा कागद काढून माझ्यापुढे ठेवला.

निवाडा मी तिथे येऊनच देईन. शनिवारी सकाळच्या गाडीने पोचते. पहिल्यांदाच दोन घरांसाठी मिळून एकच पिशवी भरलीय. दुपारी कुठे जायचं, रात्री कुठे झोपायचं, कोणाकडे काय बोलायचं नाही, यातलं काहीही मी ठरवलेलं नाही.

स्टेशनवर दोघंही या.

चिंगी